कोपरे छाटा, टोपी फिरवा

अंबाजोगाईत बाराखांबी म्हणून ओळखले जाणारे सकलेश्वर मंदिर पाहायला येणारा माणूस कोरीव मूर्तींपुढे थांबतो. खांबांच्या भूमितीकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. यादवकाळातल्या देवळांत खांबाची एक रीत वारंवार दिसते: खाली चौकोनी बैठक, वर कोपरे छाटून काढलेला अष्टकोन आणि त्याच्याही वर गोल. पाथरवटाची ही छाटणी आता संगणकावर करता येते, आणि शाळांनी ती मुलांच्या हाती द्यायला हवी.

ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एक घन घ्या आणि त्याचे आठही कोपरे सारखे छाटा. प्रत्येक कडेच्या टोकापासून सुमारे 29 टक्के अंतरावर कापले, की सहा सुसम अष्टकोन आणि आठ समभुज त्रिकोण मिळतात. काप कडेच्या मध्यापर्यंत नेला तर अष्टकोनांचे चौरस होतात. आणखी पुढे गेले तर काय होईल? हा प्रश्न फळ्यावरच्या आकृतीतून सहसा सुचत नाही. आकृती हाताने फिरवता येते, तेव्हा तो आपोआप पडतो.

खरी गंमत 26 पृष्ठांच्या एका आकृतीत आहे. तिच्यात 18 चौरस आणि आठ त्रिकोण असतात, आणि प्रत्येक शिरोबिंदूपाशी तीन चौरस व एक त्रिकोण भेटतात. आर्किमिडीजच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 13 घनाकृतींपैकी ही एक. हिची वरची टोपी सुटी करून 45 अंश फिरवली आणि परत बसवली, तर अष्टकोनी काठ तंतोतंत जुळतो. पृष्ठे 26, कडा 48, शिरोबिंदू 24, सगळे तेच. पृष्ठे, कडा आणि शिरोबिंदू यांचे नाते सांगणाऱ्या ऑयलरच्या सूत्रालाही फरक कळत नाही. शिरोबिंदूपाशी तेच तीन चौरस, तोच एक त्रिकोण. तरीही आकृती वेगळी! इंग्रज गणितज्ञ जे. सी. पी. मिलर यांच्याकडून 1930 च्या सुमारास कागदी प्रतिकृती करताना ती चुकून झाली, असे सांगतात. पुढे 2009 मध्ये गणितज्ञ ब्रांको ग्रुनबाउम यांनी गणितज्ञांचेच कान उपटले. अनेकांनी केलेली व्याख्या या चौदाव्या आकृतीलाही लागू पडते, तरी मोजणी मात्र 13 वरच थांबते, हे त्यांनी दाखवून दिले. व्याख्या काटेकोर का हवी, हे नववीच्या मुलाला समजावण्यासाठी याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

आपल्याकडे मात्र दहावीच्या ‘महत्त्वमापन’ प्रकरणात शंकू, शंकूछेद, वृत्तचिती आणि गोल यांची सूत्रे पाठ झाली, की घनाकृतींचा विषय मिटतो. संगणक कक्षात टायपिंग आणि तक्ते. मराठवाड्याचे पुणे म्हणवून घेणाऱ्या अंबाजोगाईने आठवड्याचा एक तास तरी गणिताचा वर्ग आणि संगणक कक्ष यांमधली भिंत पाडायला द्यावा.

संगणकच सगळे करणार असेल तर मूल काय शिकणार, अशी शंका कुणी घेईल. ती रास्त आहे. ब्लेंडर चार बिंदू एका प्रतलात नसले तरी निमूट चौकोन काढून देतो, आतून त्याचे दोन त्रिकोण करतो आणि पृष्ठ सपाट नाही हे सांगतही नाही. म्हणून पडद्यावर थांबू नये. आकृती उलगडून मिळणारी सपाट घडण छापावी, पुठ्ठ्यावर चिकटवावी, कापावी, दुमडावी. पृष्ठ खरोखर सपाट आहे की नाही, ते पुठ्ठा लगेच सांगतो. मॅग्नस वेनिंजर या धर्मगुरू-शिक्षकाने 1971 च्या आपल्या पुस्तकासाठी सर्व 75 एकसमान (‘युनिफॉर्म’) घनाकृती कागदातून घडवल्या होत्या, त्याही आजची सॉफ्टवेअर नसताना. रॉबर्ट वेब यांचे ‘स्टेला’ हे सॉफ्टवेअर आता तशाच आकृत्यांच्या घडणी छापून देते. पण कात्री चालवण्याचे काम अजून माणसाकडेच आहे.

वीज गेली तरी तास बुडायचे कारण नाही. पद्मश्री अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्यावर अशा आकृत्यांचे सांगाडे करायला शिकवले आहे. त्यातला चौकोन दाबला की कलंडतो, त्रिकोण मात्र कलंडत नाही. काड्यांचा घन डगमगतो आणि चार त्रिकोणांचा चतुष्फलक ताठ उभा राहतो तो याचमुळे.