अदृश्य किरणांचा जमाखर्च

केरळातील कोल्लम जिल्ह्याच्या चवरा-नीण्डकरा किनाऱ्यावर मच्छीमार कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या काळसर वाळूवर राहत आली आहेत. त्या वाळूत मोनाझाइट हे खनिज आहे आणि त्यात किरणोत्सारी थोरियम. विसाव्या शतकाच्या आरंभी त्रावणकोरहून परदेशी गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूतून हे द्रव्य प्रथम ओळखले गेले. व्यापारच या शोधाचे निमित्त ठरला.

या किनाऱ्यावरील नैसर्गिक किरणोत्सार काही ठिकाणी जगाच्या सरासरीच्या अनेक पट आहे. मग तेथे कर्करोगही तितकाच अधिक असेल काय? तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक कर्करोग केंद्राने करुनागपल्ली तालुक्यात १९९० पासून रुग्णांची नोंद ठेवली. सुमारे सत्तर हजार प्रौढांचा सरासरी दहा वर्षांहून अधिक काळ मागोवा घेतला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात किरणोत्साराबरोबर कर्करोग वाढल्याचे दिसले नाही.

तथापि दुसरी वही निराळे सांगते. फ्रान्स, ब्रिटन व अमेरिका येथील तीन लाखांहून अधिक अणुउद्योग कामगारांच्या २०२३ मधील अभ्यासात, संचित मात्रेबरोबर कर्करोगाने होणारे मृत्यू वाढल्याचे आढळले. दोन वह्यांचा ताळा जुळत नाही. म्हणून एक खोटी ठरत नाही. धोका लहान असला की तो हेरण्यास फार मोठी लोकसंख्या व दीर्घ काळ लागतो. तंबाखूसारखी मोठी कारणे त्याला सहज झाकून टाकतात. ‘आढळले नाही’ म्हणजे ‘मुळीच नाही’ असे नव्हे.

म्हणूनच किरणसंरक्षणाचे शास्त्र सावध हिशेब मांडते: अल्प मात्रेचा धोका अल्प, परंतु शून्य नाही. अनावश्यक खर्च टाळावा, आवश्यक खर्चात हात आखडू नये.

घरगुती व्यवहारातही हेच सूत्र लागू पडते. छातीच्या एका क्ष-किरण चित्रात सुमारे ०.१ मिलिसिव्हर्ट, तर पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये आठ-दहा मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. वैद्यांनी निदानासाठी सांगितलेला स्कॅन भीतीपोटी टाळणे हे नुकसानच. पण तक्रार नसताना केवळ सवलतीत मिळतो म्हणून संपूर्ण शरीराचा सीटी स्कॅन करून घेणे हाही शहाणा सौदा नव्हे. जुने अहवाल जपून ठेवावेत. तीच तपासणी पुन्हा करण्याची वेळ अनेकदा टळते.