कृती गुप्त, दावा जाहीर

बंगळुरूतील राजाजीनगरची औद्योगिक वसाहत स्वातंत्र्यानंतरच्या काळात उभी राहिली. लेथ, ड्रिल आणि सुटे भाग यांवर चालणाऱ्या छोट्या कारखान्यांची ही दुनिया. या व्यवसायात एक सर्वमान्य दंडक आहे. भाग बनवणाऱ्याने तो कितीही अचूक असल्याचे सांगितले, तरी घेणारा तो स्वतःच्या गेजने मोजतो आणि मापात बसला तरच स्वीकारतो. त्यात कोणाला अपमान वाटत नाही. या वसाहतीपासून काही किलोमीटरवर भारतीय विज्ञान संस्थेचे आवार आहे. २०१८ मध्ये तेथून जगापुढे आलेल्या एका दाव्याची हकीकत भौतिकशास्त्राची असली, तरी कृषी विस्तार कार्यकर्त्यांनी आणि प्रयोगशील शेतकऱ्यांनी ती समजून घ्यावी असे मला वाटते. आपल्या शिवारात दर हंगामात जे घडते, त्याचेच ते मोठ्या मंचावरील रूप होते.

२३ जुलै २०१८ रोजी देव कुमार थापा आणि अंशु पांडे या दोन संशोधकांनी, समीक्षेआधीचे शोधनिबंध ज्या खुल्या संग्रहात ठेवले जातात त्या 'अर्काइव्ह'वर एक निबंध प्रसिद्ध केला. सोन्यात चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवून तयार केलेला पदार्थ उणे ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास, हवेच्या नेहमीच्या दाबाखाली, अतिसंवाहक होतो असा त्यांचा दावा होता. अतिसंवाहक म्हणजे विजेला अजिबात रोध न करणारा पदार्थ. १९११ मध्ये कामरलिंग ओन्स यांनी हा गुण पाऱ्यात प्रथम पाहिला, तोही उणे २६९ अंशांच्या जवळ. तेव्हापासून साध्या तापमानाला टिकणाऱ्या अतिसंवाहकाचा शोध चालू आहे. तसा पदार्थ स्वस्तात मिळाला, तर वीजवहनातील गळती जवळजवळ संपेल. मोटार सुरू करायला रात्री दोन वाजता विहिरीवर जाणाऱ्या शेतकऱ्याला याचे मोल वेगळे सांगायला नको. सोन्याच्या तारा कोणी ओढणार नव्हते हे खरे, पण तत्त्व सिद्ध झाले असते तर पुढचा मार्ग मोकळा झाला असता.

निबंधात पदार्थ तयार करण्याच्या कृतीचा तपशील अपुरा होता. इतर प्रयोगशाळांनी नमुना हाती घेऊन मोजावे, तर तेही लगोलग शक्य झाले नाही. स्वतंत्र तज्ज्ञांकडून पडताळणी चालू आहे, ती पूर्ण झाली की बोलू, अशी संशोधकांची भूमिका होती. ऐकायला ती वाजवी वाटते. मात्र येथे क्रम उलटा झाला होता. घोषणा उघड्यावर झाली आणि पडताळणी दाराआड गेली. अशा वेळी बाहेरच्यांच्या हाती उरतात ते फक्त छापलेले आलेख.

त्याच आलेखांनी पुढचा प्रश्न उभा केला. अमेरिकेतील एमआयटीत त्या वेळी काम करणारे ब्रायन स्किनर यांनी ऑगस्टमध्ये एक छोटे टिपण प्रसिद्ध करून एका आकृतीवर बोट ठेवले. वेगवेगळ्या चुंबकीय क्षेत्रांत घेतलेल्या दोन मोजण्यांच्या बिंदूंमधील बारीक थरथर हुबेहूब सारखी होती. एक रांग दुसरीपेक्षा थोडी सरकलेली, एवढाच काय तो फरक. ही गोष्ट आपल्या भाषेत अशी सांगता येईल. शेजारच्या दोन गावांत पर्जन्यमापक आहेत. जून कोरडा, जुलै ओला, ऑगस्टमध्ये खंड, असा हंगामाचा एकूण कल दोन्हीकडे सारखा असेल तर नवल नाही. परंतु रोजच्या नोंदीतील दशांशसुद्धा महिनाभर तंतोतंत जुळू लागले, तर मंडळ अधिकारी नोंदवही मागवून घेईल. कल निसर्गामुळे जुळू शकतो, पण मोजणीतील किरकोळ डगमग प्रत्येक वेळी वेगळीच असायला हवी. स्किनर यांनी लबाडीचा आरोप केला नाही. हे कसे घडले, एवढेच विचारले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील प्रताप रायचौधुरी यांनी तर या साम्यामागे एखादे भौतिक कारण असू शकेल अशी शक्यताही मांडून पाहिली. संशय घेणारा माणूस शत्रूच असतो असे समजणाऱ्यांनी ही बाब ध्यानात ठेवावी.

यानंतर प्रकरणाला एक विचित्र वळण मिळाले. ज्येष्ठ भौतिकशास्त्रज्ञ टी. व्ही. रामकृष्णन यांच्या नावाने रायचौधुरी यांना या विषयावर ईमेल आली, आणि ती रामकृष्णन यांनी पाठवलेलीच नव्हती असे निघाले. जिथे वस्तू हातात घेऊन पाहता येत नाही, तिथे चर्चा वस्तूवरून माणसांवर घसरते. कोण कोणाच्या बाजूने, कोणाचा शब्द वजनदार, कोणामागे कोण उभे, यावर मग सारे तोलले जाऊ लागते.

मे २०१९ मध्ये निबंधाची सुधारित आवृत्ती आली. या वेळी लेखक दहा होते, मोजण्या अधिक होत्या आणि संक्रमणाचे तापमान १३ अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचल्याचे म्हटले होते. पहिल्यापेक्षा ही मांडणी निश्चितच भरीव होती, आणि तेवढे श्रेय द्यायला हवे. तरीही अन्य प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे तोच परिणाम मिळवून हा दावा प्रस्थापित केलेला नाही.

याच्या शेजारी २०२३ चे उदाहरण ठेवून पाहावे. जुलै महिन्यात दक्षिण कोरियातील एका गटाने एलके-९९ नावाचा पदार्थ साध्या तापमानाला अतिसंवाहक असल्याचे जाहीर केले. दावा याहूनही धाडसी होता, पण शिसे, तांबे आणि फॉस्फरस यांपासून तो बनवायची कृती निबंधातच दिली होती. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसह जगभरच्या प्रयोगशाळांनी भट्ट्या पेटवल्या आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत निकाल लागला. पदार्थ अतिसंवाहक नव्हता, रोधातील अचानक घट त्यात मिसळलेल्या कॉपर सल्फाइडमुळे दिसत होती. कोरियन गट चुकला, परंतु त्याने जगाचा वेळ फारसा घेतला नाही. कृती उघडी असेल तर चुकीचा दावा काही आठवड्यांत मिटतो. ती झाकलेली असेल, तर खरा दावासुद्धा वर्षानुवर्षे संशयाच्या सावलीत राहतो.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो टाळण्यासारखा नाही. व्यवसायात गुपिते असतातच. संकरित बियाण्याच्या नर-मादी वाणांची माहिती कोणती कंपनी चौकात मांडते? मांडू नये, हे मलाही मान्य आहे. परंतु त्या संकरित वाणाचे बियाणे समन्वित चाचण्यांसाठी वेगवेगळ्या केंद्रांवर जाते, तुल्य वाणांच्या शेजारी पेरले जाते आणि उत्पादन परक्या माणसांच्या काट्यावर मोजले जाते. तेथे कृती गुप्त असते, परिणाम गुप्त नसतो. पेटंटाची गोष्ट याहून स्पष्ट आहे. पेटंट हवे असेल तर कृती लिहूनच द्यावी लागते. तेव्हा 'पेटंट घ्यायचे आहे म्हणून मोजू देत नाही' हे उत्तर फार काळ चालणारे नाही.

आपले क्षेत्र या बाबतीत सोवळे आहे, असा कोणाचा समज नसावा. १९६७ मध्ये प्रसारित झालेल्या शरबती सोनोरा या गव्हाची आठवण जुन्या मंडळींना असेल. सोनोरा ६४ वर किरणोत्साराचा प्रयोग करून त्याचा लालसर दाणा पिवळसर करण्यात आला. तो बदल खरा होता, कारण दाणा हातात घेणाऱ्या कोणालाही तो दिसत होता. त्याच गव्हात लायसीनचे प्रमाण लक्षणीय वाढल्याचा दावाही झाला, आणि तो पुढील मोजण्यांत टिकला नाही. दिसणाऱ्या गुणाच्या आधाराने न दिसणारा गुण लोक मान्य करतात, हा धडा त्यात आहे. कृषी सेवा केंद्रातील बाटल्यांची विक्री याच वाटेने होते. फवारणीनंतर पाने गर्द हिरवी झाली हे डोळ्यांना दिसते. पातेगळ थांबली, उत्पादन एकरी इतके वाढले, मुळी खोल गेली, हे सारे त्या हिरवेपणाच्या पुण्याईवर मान्य केले जाते. त्या हिरवेपणामागे थोडा नत्र असतो की आणखी काही, हे बाटलीवर लिहिलेले नसते. विचारले तर 'कंपनीचा फॉर्म्युला आहे' असे उत्तर मिळते.

या बाजाराचा आवाका केवढा होता, याचा अंदाज शासनाच्याच आकड्यांवरून येतो. जैव-उत्तेजके २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेश, १९८५ च्या कक्षेत आली. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराज सिंह चौहान यांनी सांगितले, की पूर्वी अशी सुमारे ३०,००० उत्पादने विनातपासणी विकली जात होती आणि तपासणी कडक केल्यावर ही संख्या साधारण ६५० वर आली आहे. उरलेली सगळीच निरुपयोगी होती असे मी म्हणणार नाही. पण ज्यांना पुरावा मागितल्यावर पुढे येता आले नाही, त्यांच्यासाठी शेतकऱ्याने इतकी वर्षे रोख किंवा उधारीवर पैसे मोजले, आणि त्यांतील कित्येकांची शिफारस आपल्यापैकीच कोणीतरी केलेली होती. भौतिकशास्त्रज्ञाला दावा फसला तर एक निबंध मागे घ्यावा लागतो. कोरडवाहू शेतकऱ्याला पेरणीचा तो हंगाम पुन्हा मिळत नाही.

खरे तर याबाबतीत मराठी माणसांनी देशाला शिस्त शिकवली आहे. पिकाचा अंदाज पूर्वी नजरेने होत असे. आणेवारीच्या वादांचे मूळ तेथेच होते. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि व्ही. जी. पानसे यांनी नजरअंदाजाच्या जागी यादृच्छिक निवडीने शेत ठरवून, ठरावीक मापाचा चौकोन आखून, पीक कापून वजन करण्याची पद्धत रुजवली. आजचा पीक कापणी प्रयोग त्याच परंपरेतला. शेत कोणते, हे शेतकऱ्याने, तलाठ्याने किंवा कृषी सहायकाने निवडायचे नाही, त्या निवडीतला हातच काढून घ्यायचा, हे या पद्धतीचे मर्म आहे. या दोघांचे सांख्यिकीचे पुस्तक कृषी पदवीधरांच्या कपाटात असतेच. विक्रेत्याने 'आमचा प्लॉट बघायला या' म्हटले की मात्र आपण त्यानेच निवडलेल्या प्लॉटवर जातो, फोटो काढतो आणि शेजारच्या न फवारलेल्या तासांकडे पाहायचे विसरतो. पाऊस चांगला झालेल्या वर्षी सगळ्यांचेच सोयाबीन शेंगांनी लगडते, आणि श्रेय बाटलीला मिळते.

संशयाचा अतिरेक होऊ शकतो, हेही सांगायला हवे. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्याच्या नांदेड गावचे दादाजी रामाजी खोब्रागडे यांचे औपचारिक शिक्षण अगदी थोडे. १९८३ मध्ये पटेल-३ या भाताच्या शेतात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, वेगळ्या पेरल्या, वाढवल्या. त्यातून निघालेल्या बारीक दाण्याच्या भाताला त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून एचएमटी हे नाव पडले. (ते घड्याळ बंगळुरूच्याच जळहळ्ळीतील कंपनीचे, हा योगायोग.) पदवी नसलेल्या शेतकऱ्याचा दावा म्हणून तो कोणी हसून सोडून देऊ शकला असता. पण दादाजींनी बियाणे दडवले नाही. मागेल त्याला दिले, आणि हजारो बांध्यांत त्याची परीक्षा झाली. १९९८ मध्ये कृषी विद्यापीठाने पीकेव्ही एचएमटी हा वाण प्रसारित केला. विद्यापीठाने शुद्धीकरणाचे काम केले असे धरले, तरी मूळ निवडीचे श्रेय दादाजींना ज्या ठळकपणे मिळायला हवे होते तसे ते मिळाले नाही. २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांचा गौरव केला. ३ जून २०१८ रोजी ते गेले.

गुप्ततेची टीका करताना संशोधन संस्थांनी या बाजूकडेही पाहिले पाहिजे. जो उघड करतो त्याचे श्रेय हिरावले जाते, असा अनुभव असेल तर पुढचा माणूस ओंजळ बंद ठेवणारच. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ मुळे शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणी करता येते. एखाद्या गावात कोणी वेगळी लोंबी किंवा वेगळे झाड जपले असेल, तर विस्तार कार्यकर्त्याने बियाणे मागण्याआधी नोंदणीचा अर्ज भरून द्यावा. हा क्रम पाळला तरच बियाणे मागण्याचा आपला हक्क शाबूत राहील.

आणि येत्या प्रात्यक्षिकांबाबत एक सूचना. प्रात्यक्षिकाच्या नोंदवहीत न फवारलेल्या पट्ट्याच्या उत्पादनासाठी स्वतंत्र रकाना असावा. तो पट्टा कोणता, हे पेरणीच्या दिवशी चिठ्ठी टाकून ठरवावे. दोन्ही पट्ट्यांचा माल शेतकऱ्याच्या काट्यावर, विक्रेता हजर असो वा नसो, वेगवेगळा तोलावा. ज्या कंपनीला हे मान्य नसेल, तिच्या उत्पादनाचे नाव प्रात्यक्षिकाच्या फलकावर लावू नये.