‘विषयांतर’ कुणाचं?

प्रश्न होता, ‘लोकसंगीत आणि बातमी यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.’ गुण दहा. गाईडात उत्तर तयार आहे. संगीत भावना जागवतं, बातमी माहिती देते. संगीत कल्पनेवर चालतं, बातमी सत्यावर. संगीतानं मनोरंजन होतं, बातमीनं प्रबोधन. मधे उभी रेघ, दोन रकाने, पाच-पाच मुद्दे, संपलं. आमच्या घाटंजीच्या वर्गातल्या एका मुलीनं सराव परीक्षेत ही रेघच मारली नाही. तिनं लिहिलं, आमच्याकडे भुलाबाईची गाणी म्हणतात, त्यातून कुणाला सासरी काय जाच आहे ते सगळ्या आळीला कळतं, म्हणून ती बायांची बातमीच आहे. तपासणाऱ्यानं त्या परिच्छेदावर तांबडी काट मारली आणि समासात एकच शब्द लिहिला, ‘विषयांतर’. दहापैकी तीन.

कुणी तपासलं, कुठल्या संस्थेत, ते इथे लिहीत नाही. भांडण एका तपासणाऱ्याशी असतं तर भेटून मिटवलं असतं. पण तो शब्द त्यांच्या लेखणीतून किती सहज उतरला! जणू बाईच्या तोंडचं गाणं आणि गावाची खबर यांचा संबंध असूच शकत नाही. त्या मुलीनं मला विचारलं, “ताई, मंग भुलाबाई कोन्या पेपरात येते?” या लेखाचं कारण तो प्रश्न आहे.

मैत्रिणींनो, आमचा गट गेली चार वर्षं माध्यम-अभ्यासाच्या पदविका परीक्षेला बसणाऱ्या मुलींसाठी रविवारचा वर्ग चालवतो. फी नाही. येणाऱ्या मुली तांड्यावरच्या, कोलाम पोडावरच्या, बौद्ध वस्तीतल्या, दोघी-तिघी कुणब्यांच्या. वेचणीच्या दिवसांत वर्ग अर्धा रिकामा असतो. किलोमागं मिळणारी मजुरी सोडून ‘संज्ञापनाच्या पाच व्याख्या’ पाठ करायला कोण येईल? ज्या येतात त्यांना पेपर काढायचा, रेडिओवर बोलायचं, निदान कुठल्या तरी कचेरीत प्रसिद्धीचं काम मिळवायचं. म्हणून परीक्षेला नाक मुरडण्याची चैन आम्हांला परवडत नाही. मुली पास झाल्याच पाहिजेत. पण पास होण्यासाठी त्यांनी काय विसरायचं, हे कुणी तरी विचारायला हवं.

आधी बातमीचा रकाना पाहू. गाईडात इतिहास आहे : १८३२ चं ‘दर्पण’, बाळशास्त्री, मग ‘केसरी’, मग टिळक-आगरकर. ‘लोकमत’ शंभर वर्षांपूर्वी यवतमाळात साप्ताहिक म्हणून सुरू झालं हेही एका ओळीत येतं, आणि मुली खूष होतात, आपल्या जिल्ह्याचं नाव आलं म्हणून. पण १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध छापून आणणारी सावित्रीबाईंची चौदा वर्षांची विद्यार्थिनी मुक्ता साळवे त्यात नाही. नवरा गेल्यावर ‘दीनबंधू’ हातात घेऊन तो पुढे काही वर्षं चालवणाऱ्या तानूबाई बिर्जे नाहीत. १९२० चा ‘मूकनायक’ असतो, तोही ‘इतर वृत्तपत्रे’ या मथळ्याखाली. (मुखपृष्ठावर मात्र माईक धरलेली मुलगीच छापलेली असते, तेवढं बाईपण गाईडाला चालतं.)

आणि बातमी सत्यावर चालते म्हणे. २९ सप्टेंबर २००६ ला आमच्याच विदर्भात, भंडारा जिल्ह्यात खैरलांजी घडली. सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी, दोन मुलगे यांना जमावानं मारलं. सुरुवातीच्या दिवसांत सूर काय लागला? अनैतिक संबंधांतून झालेलं हत्याकांड. शेतासाठी, मानासाठी उभी राहिलेली दलित बाई मेल्यावरही तिच्या चारित्र्याचीच चौकशी! महिना उलटून गेल्यावर लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे मोठ्या वर्तमानपत्रांना जाग आली. ही बातमी दहा गुणांच्या उत्तरात कुठल्या रकान्यात घालायची?

त्याच वर्षी मुंबईच्या लॅक्मे फॅशन वीकला ५१२ अधिस्वीकृत पत्रकार हजर होते, असं पी. साईनाथ यांनी पुन:पुन्हा सांगितलं आहे. मंचावर मिरवत होता सुती कपडा. तो कापूस पिकवणाऱ्यांच्या आत्महत्यांकडे तेव्हा बाहेरून आलेले पत्रकार हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा पोडावरची एक मुलगी म्हणाली, “आमची बातमी आली तं मेल्याचीच येते.” त्यावर कुणी काही बोललं नाही.

मेल्याची तरी धड येते का? १९ मार्च १९८६ ला महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे कुटुंबासह गेले. राज्यातली पहिली शेतकरी आत्महत्या म्हणून ती तारीख दरवर्षी छापून येते, लोक त्या दिवशी उपवास करतात. गेली मात्र सहा माणसं. साहेबराव, मालतीबाई आणि चार लेकरं. लेकरं काही स्वतःहून आत्महत्या करत नाहीत. त्या दिवशी मालतीबाईंचं म्हणणं काय होतं, हा साधा प्रश्न मी आजवर एकाही बातमीत वाचलेला नाही. साहेबरावांच्या दुःखाला कमी लेखायचं म्हणून हे लिहीत नाही. ‘सहकुटुंब’ या एका शब्दात एक अख्खी बाई कशी बुडून जाते, एवढंच दाखवायचं आहे.

पुढे तर बातमीची भाषाच सरकारी होऊन गेली. ‘पात्र’ आणि ‘अपात्र’. सातबारा त्याच्या नावावर, कर्ज बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं असेल तर आत्महत्या पात्र, लाखाची मदत. नाही तर अपात्र. बाईनं जीव दिला तर ती शेतकरी कशी ठरणार, सातबारा तिच्या नावावर कुठे असतो? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तक्त्यात ‘गृहिणी’ असा वेगळा रकाना आहेच, तिथे तिची सोय होते. मागे राहिलेलीचंही तेच. महिला किसान अधिकार मंचानं २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या ११ जिल्ह्यांतल्या ५०५ जणींशी बोलून अहवाल काढला. २०१२ ते २०१८ या वर्षांत नवरा गेलेल्यांपैकी ४० टक्के जणींना त्या कसत असलेल्या शेताचा हक्क मिळालेला नव्हता. पण बातमीत फोटो तिचाच. डोक्यावर पदर, हातात नवऱ्याची तसबीर. हा फोटो काढायच्या आधी तिला कुणी विचारलं होतं का?

२०१९ च्या जानेवारीत यवतमाळला ९२ वं साहित्य संमेलन भरलं. नयनतारा सहगल यांना दिलेलं उद्घाटनाचं निमंत्रण आयोजकांनी मागे घेतलं, आणि त्यांच्या जागी आल्या वैशाली येडे. अंगणवाडीत काम करणाऱ्या, ‘तेरवं’ या नाटकात स्वतः भूमिका करणाऱ्या, स्वतःचं बोलणं ठामपणे बोलणाऱ्या. मथळा काय? ‘शेतकरी विधवेच्या हस्ते उद्घाटन.’ त्याच वर्षी त्या लोकसभेला उभ्या राहिल्या तेव्हाही विशेषण तेच. आम्ही वर्गात त्या दिवसांतली कात्रणं पसरली आणि पेन्सिलीनं खुणा केल्या : नाव आधी की नवऱ्याचं मरण आधी? त्यांचं वाक्य अवतरणात आहे की त्यांच्याविषयी दुसऱ्याचं? हा अभ्यास कुठल्याही गाईडात नाही. मुलींनी तो दोन तास, चहासुद्धा न पिता केला.

२०१७ ला फवारणीच्या विषबाधेनं जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली. तेव्हा दूरदूरचे कॅमेरे आले, तेही आम्ही पाहिलं. फवारणी करून आलेल्या नवऱ्याचे विषानं भिजलेले कपडे उघड्या हातांनी कुणी धुतले?

आता संगीताचा रकाना. इथे गाईड दोनच गोष्टी सांगतं. लोकसंगीत म्हणजे ‘आपला समृद्ध वारसा’ आणि चित्रपटसंगीत म्हणजे ‘तरुण पिढीवर दुष्परिणाम’. दुष्परिणामांसाठी ठेवणीतलं उदाहरण ‘खलनायक’चं. १९९३ चं ते चोळीचं गाणं, त्यावर झालेला कोर्टातला अर्ज. मुलींचा जन्मही तेव्हा झालेला नव्हता, तरी त्या ते पाठ करतात. त्या वादात अश्लील की श्लील एवढंच चघळलं गेलं. गाण्यातली बाई कुणासाठी नाचते, ते शब्द कुणी लिहिले, पैसा कुणाच्या खिशात गेला, हे प्रश्न विचारले असते तर उत्तर संस्कृतिरक्षकांनाही सोयीचं गेलं नसतं. गावातल्या वरातीच्या डीजेपुढे मुलींनी नाचायचं की नाही यावर आमच्याकडे बैठका होतात. डीजेवर काय वाजतंय यावर एकदाही झालेली नाही.

आणि तो ‘समृद्ध वारसा’ म्हणजे काय? भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत विदर्भात घरोघरी भुलाबाई बसते. पोरी घोळक्यानं या घरून त्या घरी जातात, गाणी म्हणतात, शेवटी झाकून ठेवलेला खाऊ ओळखतात. गंमत आहेच. पण गाण्यांत काय असतं ते ऐका कधी. माहेरी जायला परवानगी मागणारी सून, एकेक काम पुढे करून तिला अडकवणारी सासू, कुणाकडे तरी बोट दाखवून मोकळा होणारा नवरा. पाच-सहा वर्षांची पोर हे सगळं हसत हसत तोंडपाठ करते. म्हणजे पुढे काय वाढून ठेवलंय याची आगाऊ खबर तिला मिळालेली असते, आणि ती देणारी बाई कुणाच्या नजरेत येत नाही. सासरी बसून उघड बोलण्याची ज्यांना सोय नव्हती त्यांनी ही वाट काढली. हे सुद्धा प्रसारमाध्यमच की! कागद नव्हता, म्हणून काय झालं?

जात्यावरच्या ओव्यांचंही हेच. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव हिंडून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आता त्या ‘परी’वर २०१७ पासून प्रसिद्ध होत आहेत. मला त्यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की ओवीखाली गाणारणीचं नाव आणि गाव आहे. नाही तर कॅसेटच्या काळापासून आपण काय पाहत आलो? चालीला संगीतकाराचं नाव, आवाजाला गायिकेचं नाव आणि शब्दांपुढे ‘पारंपरिक’. वर्तमानपत्रात तिला ‘विधवा’ म्हणतात, कॅसेटवर ‘पारंपरिक’. दोन्हीकडे नाव गायब!

सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी गाण्यातून चळवळीची खबर खेड्यापाड्यांत नेली, हे आता पुस्तकांत आलंय. (जलशातलं बाईचं सोंगही बरेचदा पुरुषच घ्यायचा, ते आपण लिहायला हवं.) १९८३ ला स्त्री मुक्ती संघटनेचं ‘मुलगी झाली हो’ आलं, तेही गाण्यांच्या जोरावरच वस्त्यावस्त्यांत पोचलं. हुंड्याचा, मारहाणीचा विषय कित्येक बायांनी पहिल्यांदा चारचौघांत ऐकला तो गाण्यातून. हे सगळं माहीत असताना, माध्यमांच्या पेपरात संगीत आणि बातमी यांच्यामधे ती उभी रेघ अजून कशाला?

आमच्यातल्याच काहीजणी म्हणतात, आधी मुलींना पास होऊ दे, वाद नंतर घाल. हे बोलणं मी उडवून लावत नाही. यावर वर्गात चर्चा ठेवली. एकजण सरळ म्हणाली, “ताई, मले पन्नास टक्के पाह्यजेत. मी गाईडचंच लिवतो.” तिच्या घरी लग्नाचं चाललंय, परीक्षा हुकली तर पुढचं वर्ष तिला मिळणार नाही. तिनं गाईडचंच लिहावं, आणि कुणी तिला कमी समजू नये. जिला ‘विषयांतर’ मिळालं ती म्हणाली, मी पहिला परिच्छेद त्यांचा लिहीन, दुसरा माझा. आता सगळ्याच मुलींना हा मार्ग दाखवतो : व्याख्या आणि फरक चार ओळींत, ठळक, तपासणाऱ्याला दिसेल असे. मग ‘उदाहरणार्थ’ म्हणून आपलं गाव. ‘सोदाहरण’ हा शब्द प्रश्नातच आहे, त्याचा हक्क मागायला कुणाची परवानगी लागत नाही. त्यातही गुण कापले तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागायची, फेरतपासणीचा अर्ज भरायचा. ती फी आमचा गट भरतो.

अभ्यास मंडळांकडे आमच्या मागण्या मोजक्या आहेत. इतिहासात मुक्ता साळवे आणि तानूबाई बिर्जे घ्या. बातमी वाचताना नावं आणि अवतरणं मोजण्याचा एक प्रात्यक्षिक प्रश्न ठेवा. लोकगीताचं उदाहरण विद्यार्थिनीच्या गावचं असेल तर ते ग्राह्य धरा. निवेदन तयार आहे, सह्या चालू आहेत. इतर जिल्ह्यांतल्या गटांनी आपापल्या विद्यापीठाला ते पाठवावं, मसुदा मागवला तर पाठवू.

आणि एक काम सगळ्यांसाठी. येत्या भुलाबाईच्या दिवसांत, आणि जिथे भोंडला, हादगा असेल तिथे त्या दिवसांत, निदान पाच गाणी उतरवून घ्या. कुणी म्हटलं, कुठल्या गावची, कुणाकडून शिकली, आणि त्यातली गोष्ट कुणाच्या घरी घडलेली आहे का, तेही विचारा. बाईच्या परवानगीशिवाय फोनवर ध्वनिमुद्रण करू नका. नाव छापायचं का ते तिलाच विचारा. जी नको म्हणेल तिच्या गाण्याखाली ‘पारंपरिक’ लिहू नका. ‘नाव नको म्हणाली’ असं लिहा.