‘मोकळी’ जमीन कोणासाठी मोकळी होती?

पांढऱ्या कापडाच्या छताच्या गाड्या, बैल, बायका-मुले आणि समोर ओसाड माळ. हॉलिवूडने हे चित्र आपल्या डोक्यात पक्के बसवले आहे. सांगितले जाते की, १८४० नंतर मिसुरीहून ओरेगॉनपर्यंत सुमारे ३,२०० किलोमीटर तुडवत कष्टाळू माणसे गेली आणि मोकळी जमीन कसून मोठी झाली.

कष्ट खरे होते. कॉलऱ्याने वाटेत हजारो मेले, हेही खरे. प्रश्न कष्टाचा नाही, हक्काचा आहे. कष्ट तर सगळ्यांनीच केले, सातबारा कोणाच्या नावावर चढला?

जॉर्ज बुश हा कृष्णवर्णीय शेतकरी १८४४ साली याच वाटेने कुटुंबासह निघाला. त्याच वर्षी ओरेगॉनच्या हंगामी सरकारने कायदा केला : गुलामगिरीला बंदी, आणि काळ्या माणसांच्या राहण्यालाही बंदी! न जाणाऱ्याला फटक्यांची शिक्षा. फटक्यांचे कलम अमलात येण्याआधीच बदलले. बुश आणि त्याचे सोबती कोलंबिया नदीच्या उत्तरेला वसले. तिथे त्याने उत्तम शेती केली, नव्याने आलेल्या गोऱ्यांना धान्य देऊन जगवले. पण १८५० च्या जमीनवाटप कायद्यात गोऱ्या नवरा-बायकोला ६४० एकरांपर्यंत जमीन मिळत होती, बुशला नाही. स्वतः कसलेली जमीन नावावर व्हावी म्हणून १८५५ मध्ये संसदेला खास कायदा करावा लागला. मतदानाचा हक्क तर मरेपर्यंत मिळाला नाही.

आणि ही जमीन ‘मोकळी’ तरी होती का? कायुस, कालापुया, चिनूक या आदिवासींची ती भूमी. त्यांच्याशी करार पक्के होण्याआधीच सरकारने ती वाटायला काढली. दुसऱ्याचे घर वाटून दानशूर होणे किती सोपे!

काही जण म्हणतील, ओरेगॉन तर गुलामगिरीच्या विरोधात होते. होते ना! १८५७ च्या मतदानात ७,७२७ मते गुलामगिरीच्या विरोधात पडली. त्याच मतदानात काळ्यांना राज्यात येऊ न देण्याच्या बाजूने ८,६४० मते पडली. ते कलम राज्यघटनेतून निघाले १९२६ साली.

गुलाम नको, पण शेजारीही नको. याला समता म्हणत नाहीत.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. तो गौरव योग्यच होता. पण बेड्या तोडणे ही अर्धी लढाई. जमीन, मत आणि शेजार मिळेपर्यंत माणूस मुक्त होत नाही. म्हणून कोणी त्या गाड्यांच्या शौर्यगाथा सांगू लागला, की एवढेच विचारा : गाडी जिथे थांबली, तिथे आधी कोण राहत होते? आणि सोबत चालूनही कोणाला उतरू दिले नाही?

जय भीम!