मागच्या चाकाचं काम

केलगेरीहून गोव्याचा रस्ता धरला की आधी अळणावर, मग अनमोडचा घाट. म्हणून सुट्टीत निघण्याआधी जुन्या मारुती ८०० चे मागचे ब्रेक अंगणातच उघडले. या गाडीला मागे पॅड नसतात. ड्रम आणि आत लायनर. हँडब्रेकही त्यांच्यावरच, तो सोडल्याशिवाय ड्रम निघत नाही. म्हणून आधी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा, नुसत्या जॅकवर विसंबू नका, स्टँड लावा. आतली धूळ फुंकू नका, जुन्या लायनरात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा. एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे स्प्रिंग कुठं बसते ते दुसरी बाजू सांगते. लायनर मात्र दोन्हीकडचे बदला.

ड्रम निघालेला, आणि चिरंजीव पेडल दाबायला धावले! हिनं ओरडून थांबवलं, नाहीतर सिलिंडरचा पिस्टन बाहेर आला असता. तेवढ्यात डावीकडे ब्रेक ऑईल गळताना दिसलं. तिथं आमचे हात थांबले. पुढचं काम मिस्त्रींचं. गोवा दोन दिवस लांबला. पोरं रुसली, पण घाट उतरताना कुणी तक्रार केली नाही.