पोट, माकडं आणि आत्याची बोटं

आमच्या पाटसला कुणाचेही सांधे दुखायला लागले की निदान ठरलेलं असतं. पोट साफ नाही. गुडघा धरला? पोट. कंबर धरली? पोट. बोटं सुजली? काल वांगं खाल्लं होतंस ना, मग! पुण्यात आयटीत नोकरी करणाऱ्या माणसाने अशा गोष्टींना हसायचं असतं. पण गेले काही वीकेंड मी याच विषयावर वाचत बसलोय, आणि माझं मत असं झालंय की पाटसकर निम्मे बरोबर आहेत. घोटाळा उरलेल्या निम्म्यात आहे, आणि तो महागात पडतो.

आधी बरोबर असलेलं निम्मं. त्यासाठी माकडांकडे जावं लागेल. 1938 मध्ये भारतातून सुमारे 400 ऱ्हिसस माकडं (उत्तर भारतात दिसतात ती लाल तोंडाची) जहाजाने नेऊन प्वेर्तो रिकोजवळच्या कायो सांतियागो नावाच्या छोट्या बेटावर सोडली गेली. अभ्यासासाठी. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत, आणि मेलेल्या माकडांचे सांगाडे जपून ठेवलेले आहेत. 1997 मध्ये संशोधकांनी या सांगाड्यांबद्दल लिहिलं की त्यातल्या काही माकडांना माणसासारखाच, मणके आणि सांधे धरणारा संधिवात झालेला होता. याला म्हणतात स्पॉन्डिलोआर्थ्रोपथी. म्हणजे खुर्ची नाही, लॅपटॉप नाही, पिझ्झा नाही, तरी पाठ धरलेली!

मग 2000 साली ऱ्हिसस माकडांवरचाच आणखी एक अभ्यास आला. शिगेला नावाच्या बॅक्टेरियामुळे रक्ती आव लागते. या शिगेलाच्या साथीनंतर बऱ्याच माकडांचे सांधे सुजले. जंतू शिरला पोटात, सूज आली सांध्यात.

तुम्ही म्हणाल, ती माकडं. पण आपणही प्रायमेटच आहोत की. 1962 मध्ये अमेरिकन नौदलाच्या एका जहाजावर शिगेलाची साथ आली. सुमारे 600 खलाशांना जुलाब झाले आणि त्यातल्या 9 जणांना नंतर सांधे सुजण्याचा आजार झाला. आता हा आकडा नीट बघा. 600 पैकी 9. जंतू सगळ्यांच्या पोटात, पण सांधे फक्त नऊ जणांचे. म्हणजे आणखी काहीतरी लागतं. ते 'काहीतरी' बऱ्याचदा जनुकांत असतं, आणि त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध नाव एचएलए-बी27. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसशी याचा संबंध 1973 मध्ये लक्षात आला.

मला सगळ्यात पटलेला प्रयोग मात्र उंदरांचा आहे. अमेरिकेत शास्त्रज्ञांनी माणसाचं हे बी27 जनुक घुशीच्या जातीच्या उंदरांत घातलं. त्यांना आतड्याचा आणि सांध्यांचा दाह झाला. मग तसेच उंदीर संपूर्ण जंतुमुक्त वातावरणात वाढवले. 1994 मध्ये निकाल छापून आला, या उंदरांना ना आतड्याचा दाह झाला, ना सांध्यांचा. जनुक तेच, फक्त बॅक्टेरिया काढून घेतले. आमच्या भाषेत सांगायचं तर एकच व्हेरिएबल बदलून टेस्ट घेतली. यापेक्षा स्वच्छ पुरावा काय असतो?

तर पोट आणि सांधे यांचा संबंध खरा आहे. जुन्या लोकांनाही तो जाणवला असावा. माधवनिदानात आमवाताचं वर्णन आहे, आणि त्याचं मूळ बिघडलेल्या पचनात सांगितलंय. 'आम' म्हणजे बॅक्टेरिया असं कुणी म्हणू नये, पण बोट दाखवलं ते बरोबर दिशेने.

आता उरलेलं निम्मं. 'संबंध आहे' इथून 'पोट दुरुस्त केलं की सांधे दुरुस्त' इथे आपण एका उडीत पोचतो. आणि हल्ली ही उडी मारायला लावणारे पाटसच्या पारावर कमी आणि मोबाईलवर जास्त भेटतात. आतड्यांचा डिटॉक्स, प्रोबायोटिकची पाकिटं, तीन महिन्यांचा कोर्स वगैरे वगैरे.

सर्व्हर पडल्यावर लॉगमध्ये एकच एरर हजार वेळा दिसते. नवीन मुलगा लगेच म्हणतो, सापडलं कारण! बऱ्याचदा ती एरर सर्व्हर पडल्यामुळे आलेली असते. इथेही तेच. 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं नुकतंच निदान झालेल्या, उपचार सुरू न केलेल्या रुग्णांच्या पोटात प्रिव्होटेला कोप्री हा बॅक्टेरिया शोधला. 75 टक्के रुग्णांत तो सापडला, निरोगी लोकांत सुमारे 21 टक्क्यांत. झालं, आरोपी सापडला!

पण थांबा. आपल्या पुण्यातल्याच एनसीसीएसच्या शास्त्रज्ञांनी 2016 मध्ये दाखवलं की निरोगी भारतीयांच्या पोटात प्रिव्होटेला गटाचे बॅक्टेरिया भरपूर असतात. भाकरी, डाळ, भाजी खाणाऱ्या पोटात हा गट सुखाने नांदतो. आणि पाटसहून सोलापूर रस्त्याने पुढे गेलं की भिगवण लागतं. तिथे 1996 पासून डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन 4,000 हून जास्त प्रौढांची पाहणी केली. सांधे, स्नायू वगैरे दुखण्याची तक्रार दर शंभरात 18 जणांची होती. पण ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस निघाला साधारण अर्धा टक्का लोकांना. पाश्चात्य देशांतही तो अर्धा ते एक टक्काच असतो. हिशेब ढोबळ आहे, भिगवणकरांच्या पोटातले बॅक्टेरिया काही त्या पाहणीत मोजले नव्हते. पण नुसता प्रिव्होटेला पोटात असणं हा गुन्हा असता तर आपल्याकडे गावंच्या गावं आखडून बसली असती.

आणि बॅक्टेरिया बदलून बघितले तर? तेही झालंय. डेन्मार्कमध्ये सोरायटिक आर्थ्रायटिसच्या 31 रुग्णांवर प्रयोग झाला. काहींच्या पोटात निरोगी माणसाच्या विष्ठेतले बॅक्टेरिया सोडले, काहींना नुसतंच खोटं खोटं केलं. 2021 मध्ये निकाल आला. बॅक्टेरिया मिळालेल्यांपैकी 60 टक्के लोकांना उपचार वाढवावे लागले, न मिळालेल्यांपैकी 19 टक्के. उलटंच! प्रयोग छोटा आहे, पण पाकिटं विकणाऱ्यांनी तो वाचायला हरकत नाही.

मी एवढा का चिडलोय ते सांगतो. पाटसच्या माझ्या आत्याची बोटं सकाळी तासभर वळायची नाहीत. दोन वर्षं तिने वांगं सोडलं, दही सोडलं, त्रिफळा घेतला, मग तिच्या मुलाने ऑनलाइन प्रोबायोटिक मागवून दिलं. पोट छान झालं हो. बोटं मात्र वाकडी होत गेली. शेवटी ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे नेलं. आता आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेते, सूज उतरलीय, दुखणं कमी आहे. पण वाकलेली बोटं सरळ होणार नाहीत. हा आजार सुरुवातीलाच धरला तर सांधे वाचतात. दोन वर्षं पोटाच्या मागे गेली, ती परत येत नाहीत.

आणि हे फक्त गावाकडे होतं असं समजू नका. आपल्या क्यूबिकलमध्ये प्रत्येकाची कंबर दुखते, आणि प्रत्येक जण खुर्चीला शिव्या देतो. बहुतेक वेळा खुर्चीच दोषी असते. पण दुखणं तीन महिन्यांहून जास्त चाललंय, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ पाठ आखडलेली असते, आराम केल्यावर वाढतं आणि हालचाल केल्यावर कमी होतं, पहाटे दुखण्याने जाग येते, असं असेल तर तो स्पॉन्डिलायटिस असू शकतो. तो तरुणपणीच सुरू होतो, आणि निदानाला वर्षानुवर्षं लागतात.

थोडक्यात काय, तर पोटावर संशोधन जोरात होऊ दे. उद्या खरंच एखादं औषध त्यातून निघेल, मला आनंदच आहे. ताक प्या, भाकरी खा, पाणी उकळून प्या, शिगेलाला लांब ठेवा. पण सकाळी बोटं वळत नसतील तर आधी डॉक्टर, मग पाकीट. असो. घरी फोन करा आणि आईला, आत्याला एवढंच विचारा, सकाळी हात किती वेळाने मोकळे होतात?