आधी वायर बघा

‘ड्रायव्हर अपडेट करून बघा.’ हे वाक्य या आठवड्यात पुन्हा कानावर आलं, तेही एका कंपनीच्या मदत केंद्राकडून. आमच्या इमारतीत एक सीए बाई राहतात. विवरणपत्रांचा हंगाम तोंडावर आला म्हणून त्यांनी लॅपटॉपला जोडायला मोठा मॉनिटर आणला. एका पडद्यावर टॅली, दुसऱ्यावर आयकराचं पोर्टल, असा बेत. जोडला तर काळ्या पडद्यावर ‘नो सिग्नल’ची पाटी इकडून तिकडे फिरतेय. फोनवरच्या मुलाने ड्रायव्हर काढायला लावला, पुन्हा घालायला लावला, विंडोज अपडेट करवलं आणि शेवटी ठेवणीतलं अस्त्र काढलं: ‘मॅडम, फॉरमॅट मारावं लागेल, बॅकअप घेऊन ठेवा.’ ऐन हंगामात! वायर कुठे लावली आहे, हे मात्र त्याने एकदाही विचारलं नाही.

लॅपटॉपच्या डाव्या कडेला टाइप-सीची दोन तोंडं, अगदी जुळी. एकावर, टॉर्च मारल्यावरच दिसेल अशा करड्या रंगात, डी आणि पी एकमेकांत गुंतवलेलं चिन्ह. दुसऱ्यावर नुसता यूएसबीचा त्रिशूळ. चित्र निघतं ते पहिल्यातून, आणि वायर होती दुसऱ्यात. इकडची तिकडे केली, पडदा लागला. ड्रायव्हर बिचारा पहिल्यापासून निर्दोष होता.

आधी वायर, मग पोर्ट, मग सेटिंग, ड्रायव्हर सगळ्यात शेवटी आणि फॉरमॅट कधीच नाही, हा क्रम या सदरात इतक्यांदा येऊन गेलाय की काही वाचकांनी तो पत्रातून मलाच परत पाठवला आहे. पाठवा, आणखी पाठवा. मदत केंद्रांपर्यंत तो अजून पोचलेला नाही. तिथे ड्रायव्हर म्हणजे कंपाउंडरकडची गुलाबी गोळी. ताप असो की पाय मुरगळलेला असो, दोन घ्या आणि उद्या फोन करा.

पण खरं सांगायचं तर मी त्या मुलाला फार दोष देणार नाही, आणि सीए बाईंना तर नाहीच. सगळी तोंडं सारखी करून ठेवणाऱ्यांशी माझं भांडण आहे. पटत नसेल तर माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली काढा आणि त्याची पाठ बघा. तीन ओळींत पंधरा भोकं, दोन बाजूंना दोन स्क्रू, रंग निळा. हे व्हीजीए. आयबीएमने ते 1987 मध्ये आणलं. निळा रंग नंतरचा, मायक्रोसॉफ्ट आणि इंटेलने मिळून केलेल्या पीसी 99 नावाच्या नियमावलीतला. कीबोर्ड जांभळा, माउस हिरवा, माइक गुलाबी, मॉनिटर निळा. एक अक्षर इंग्रजी न येणारा माणूससुद्धा रंगाला रंग लावून मशिन उभं करायचा. बाकी बहुतेक ठिकाणी आकारच वेगळे, चुकवायचं म्हटलं तरी चुकत नसे. कीबोर्ड आणि माउसची तोंडं तेवढी सारखी होती, आणि तिथे तो रंग किती उपयोगी पडायचा, ते वापरलेल्यांना आठवत असेल.

त्याहून मोलाचं होतं ते व्हीजीएचं आजारपण. पडदा पिवळा पडला की समजायचं, निळ्याची पिन टेकत नाही. जांभळट गुलाबी झाला तर हिरव्याची, आकाशी झाला तर लालची. प्लग काढायचा, वाकलेली पिन रिफिलच्या टोकाने हळूच सरळ करायची, परत घालून स्क्रू आवळायचे. सायबर कॅफेतली दहावी नापास पोरं हे निदान पडद्याकडे नुसतं बघून करायची. व्हीजीएचं चित्र जरा धुरकट यायचं, अक्षरांना सावल्या पडायच्या, आणि आजच्या फोर-के पडद्यासमोर त्याचा निभाव लागणार नाही, हे सगळं मान्य. पण कुठे दुखतंय ते ते स्वतः सांगायचं.

आता टाइप-सी घ्या. 2014 चा जन्म, चोवीस पिना. त्यातून मॉनिटरचं चित्र नेण्याची सोय त्याच वर्षी जाहीर झाली, पण ऐच्छिक. म्हणजे लॅपटॉपवाल्याने दिली तर दिली. एकाच आकाराच्या तोंडातून कुठे नुसता डेटा जातो, कुठे चार्जिंगही होतं, कुठे चित्रही निघतं, आणि थंडरबोल्ट असेल तर सगळंच. वायरींचीही तीच तऱ्हा. मोबाइलच्या चार्जरबरोबर आलेली टाइप-सी वायर लॅपटॉप आणि मॉनिटर दोघांनाही चपखल बसते, आणि चित्र वाहून नेणाऱ्या तारा तिच्यात बहुधा घातलेल्याच नसतात. एवढं करून साधलं काय, तर प्लग उलटा की सुलटा हा प्रश्न मिटला! जुना यूएसबी तिसऱ्या खेपेला बसायचा हे खरं, पण त्यात पाच सेकंद जायची. ती पाच सेकंद वाचवून लोकांना मदत केंद्राच्या संगीतावर ताटकळत ठेवलं.

आणि बिघाड झाला तर लक्षण एकच. आजचा मॉनिटर जोडताक्षणी आपली ओळख कॉम्प्युटरला कळवतो: माझं नाव अमुक, मला एवढं रिझोल्यूशन झेपतं. मूळ मजकूर अवघा 128 बाइटचा. तो पोचला नाही की कॉम्प्युटरच्या लेखी समोर कोणी नाहीच. पोर्ट चुकलं, वायर कच्ची निघाली, प्लग अर्धवट बसला किंवा मॉनिटरच्या मेनूत इनपुट दुसऱ्याच एचडीएमआयवर राहिला, कारण काहीही असो, पडदा काळा आणि पाटी तीच. पिवळा नाही, गुलाबी नाही. घरच्या माणसाने यातून काय ओळखायचं?

एचडीएमआयवाल्यांनीही काही कमी केलेलं नाही. तोंड सारखं ठेवून निदान आकड्याने तरी फरक कळायचा, 1.4 वर फोर-के 30 हर्ट्‌झ, 2.0 वर 60. मग 2021 च्या शेवटी उघड झालं की 2.0 हा वेगळा वर्गच आता मानायचा नाही, सगळं 2.1, आणि 2.1 च्या नव्या सुविधा मात्र ऐच्छिक. खोक्यावर 2.1 छापलेलं, आतलं कर्तृत्व 2.0 चं, आणि सगळं नियमात! हा ‘ऐच्छिक’ शब्द ज्याने पहिल्यांदा मसुद्यात घातला, त्याच्या घरी दुसरा मॉनिटर नसावा असा माझा दाट संशय आहे.

या बाबतीत पुण्याच्या तपकीर गल्लीतला काउंटरवरचा माणूस मला मदत केंद्रापेक्षा जाणकार वाटतो. तुम्ही ‘डिस्प्लेपोर्ट-एचडीएमआय कन्व्हर्टर द्या’ म्हणालात की तो आधी विचारतो, ‘सिग्नल कुठून निघतो?’ कारण डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआयकडे जाणारं स्वस्त अडॅप्टर उलट्या दिशेने चालत नाही. एचडीएमआयमधून डिस्प्लेपोर्टकडे जायचं तर सिग्नल खरोखर बदलणारं, बहुधा वेगळी वीज लागणारं यंत्र हवं. घरबसल्या मागवणाऱ्यांपैकी बरेच जण इथेच फसतात आणि मग ड्रायव्हरच्या नावाने बोटं मोडतात.

डेस्कटॉपवाल्यांसाठी वेगळं पारायण करत नाही, आधी लिहिलेलंच आहे. ग्राफिक्स कार्ड घातलेलं असेल तर दोन्ही मॉनिटर कार्डाच्या तोंडांना लावा. वर मदरबोर्डवर जे एचडीएमआय दिसतं ते कार्ड बसवल्यावर अनेक मशिनांत झोपी जातं आणि बायॉसमध्ये शिरून उठवावं लागतं. चालत्या मॉनिटरची वायर बंद मॉनिटरला लावून बघा, एका वेळी एकच गोष्ट बदला. विंडोज आणि पी दाबून ‘एक्स्टेंड’ निवडा. माउस दोन पडद्यांच्या मध्ये अदृश्य भिंतीला आपटत असेल, तर डिस्प्ले सेटिंगमधले 1 आणि 2 चे चौकोन टेबलावरच्या मॉनिटरांसारखे शेजारी, एका उंचीला सरकवा. आणि चित्र अधूनमधून गोठत असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा. ड्रायव्हर जागच्या जागी नव्याने सुरू होतो, म्हणजे ज्यांना ड्रायव्हरची फार हौस आहे त्यांचीही सोय झाली.

आता अर्थिंग. आलंच का, असं म्हणू नका. खुर्चीवरून उठलं की दुसरा पडदा क्षणभर काळा होतो, अशी तक्रार करणारे वेडे नसतात. वरखाली होणाऱ्या गॅसच्या खुर्चीवर बसता-उठताना विजेचा सूक्ष्म झटका निघतो, व्हिडिओची वायर तो पकडते आणि सिग्नल तुटतो. डिस्प्लेलिंक या डॉकमधल्या चिप बनवणाऱ्या कंपनीने आपल्या मदतपानांत खुर्चीचा हा गुन्हा नोंदवून ठेवला आहे. उपाय साधा: बरी जाळी असलेली आखूड वायर. पण आपल्याकडे तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटात कोंबायची परंपरा, आणि जुन्या इमारतींत अर्थिंगची तार बोर्डापर्यंत येऊन पुढे कुठेच गेलेली नसते. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर मुंग्या येतात त्या काय उगाच? काळ्या पडद्यांच्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील, असं माझं मत आहे. पुरावा मागू नका, वायरमनला बोलवा.

जाता जाता मॅकवाल्यांना. 2020 च्या एम-1 मॅकबुक एअरला दोन मॉनिटर लागत नाहीत, अशी पत्रं अजून येतात. लागणारच नाहीत. ती चिप बाहेरचा एकच पडदा चालवते. 2024 च्या एम-3 एअरला दोन चालतात, पण झाकण मिटून. एका पोर्टमधून दोन पडदे काढणारा डिस्प्लेपोर्टचा हब लावलात तर मॅक दोन्हींवर एकच चित्र दाखवील. यूएसबीतून, सॉफ्टवेअरच्या जोरावर चित्र नेणारे डॉक मिळतात, त्यांनी काम भागतं. तेव्हा वाचकांनी आता तिसरं अडॅप्टर मागवू नये, आणि मदत केंद्राला तर मुळीच फोन करू नये. ते ड्रायव्हर अपडेट करायला सांगतील.

— खटपट्या